मुख्यमंत्री महोदय, खानदेशात आधी तार पोहोचू द्या

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी भुसावळचा. रेल्वेच्या टीआरडी खात्यातून निवृत्त झालो. गाडीच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची जी तार असते, ती उभी करणारं आणि सांभाळणारं हे खातं. टॉवर वॅगनवर चढून ओएचईची, म्हणजे त्या तारेचीच, कामं केली, मे महिन्यात रात्री-बेरात्री पॉवर ब्लॉकची, म्हणजे तारेतली वीज बंद होण्याची, वाट बघत रुळाकडेला बसलो. त्यामुळे बुलेट ट्रेन आणि चार्जिंग स्टेशनच्या बातम्या वाचताना माझं लक्ष गाडीकडे कमी आणि तारेकडे जास्त जातं. हे पत्र त्या तारेबद्दल आहे, आणि तिचा खांब ज्या जमिनीत रोवायचा त्या जमिनीबद्दलही.

आधी बुलेट ट्रेनचं बोलतो, कारण तिथे माझी विनंती आमच्याकडच्या बऱ्याच पुढाऱ्यांच्या उलट आहे.

मुंबई-नागपूर हायस्पीड रेल्वेचा प्रस्तावित मार्ग समृद्धी महामार्गाला धरून जातो. नाशिक, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, जालना, मेहकर, कारंजा, वर्धा, नागपूर. खानदेश त्यात नाही. समृद्धीतही नव्हता. म्हणून निवडणूक जवळ आली की कोणीतरी व्यासपीठावरून म्हणतं, हा मार्ग धुळे-जळगावकडून वळवा. टाळ्या पडतात. महोदय, कृपा करून वळवू नका. ताशी ३२० किलोमीटर वेगाच्या मार्गाला वळण द्यायचं तर त्याची त्रिज्या सहा किलोमीटरच्या आसपास लागते. मतदारसंघ बघून अशी रेघ वाकत नाही. वाकवलीच तर वेग जातो, आणि वेग गेला तर एवढा खर्च कशासाठी केला? शिवाय त्या रुळांची रुंदी १,४३५ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजची १,६७६. आपली महाराष्ट्र एक्स्प्रेस किंवा केळीची मालगाडी त्या रुळांवर कधीच जाणार नाही.

पैशाचा हिशोबही बघा. मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा, मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा. म्हणजे किलोमीटरला २१२ कोटींच्या वर. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेला जालना-जळगाव नवीन मार्ग १७४ किलोमीटरचा आहे, ७,१०६ कोटींचा. किलोमीटरला साधारण ४१ कोटी. बुलेटच्या एका किलोमीटरच्या पैशात या मार्गाचे पाच किलोमीटर होतात.

आणि हाच मार्ग खानदेशाला बुलेट ट्रेनशी जोडणारा आहे. जालन्याला हायस्पीडचं स्टेशन झालं तर जळगावचा माणूस गाडी बदलून तिथून नागपूर गाठेल. ती कधीच झाली नाही तरी अजिंठा, मराठवाड्यातला कापूस, जालन्याचं स्टील यांच्यासाठी हा मार्ग उपयोगी पडेलच. आमच्या वाट्याचा हायस्पीड प्रकल्प मी यालाच म्हणतो.

दुसरी दिशा सुरतेची. खानदेशी माणसाला धावती बुलेट ट्रेन पहिल्यांदा दिसेल ती बहुधा सुरतेलाच. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत आमचे निम्मे पाहुणे राहतात, साच्यांवर (यंत्रमागांवर) नाहीतर साडीच्या दुकानांत काम करतात. सुरत-बिलिमोरा हा पहिला टप्पा ऑगस्ट २०२७ मध्ये सुरू करण्याचं रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं आहे. पण बुलेटचं सुरत स्टेशन अंत्रोलीला आहे, जुन्या स्टेशनपासून लांब. नंदुरबार-नवापूरकडून उधन्याला उतरलेला माणूस पुढे अंत्रोलीला कसा जाणार, हे गुजरात सरकारशी आत्ताच बोलून ठेवायला हवं. उधना-जळगाव ३०७ किलोमीटरचा मार्ग दुहेरी झाला, विद्युतीकरण झालं, तार तयार आहे. प्रश्न शेवटच्या तुकड्याचा आहे, आणि असे तुकडे कुठल्याच खात्याच्या यादीत नसतात.

बाकी मंजुऱ्यांची आमच्याकडे कमतरता नाही. मनमाड-इंदूर नवीन मार्ग, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, सप्टेंबर २०२४. जळगाव-मनमाड चौथी लाइन आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाइन, नोव्हेंबर २०२४. धुळे-नरडाणा मार्गाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात झाली, फेब्रुवारी २०१९ मध्ये. करोनात थांबलेली पाचोरा-जामनेरची पीजे ही नॅरोगेज गाडी पुन्हा धावलीच नाही. ती ब्रॉडगेज होऊन बोदवडपर्यंत जाणार आहे. धुळ्याला तर १९०० पासून रेल्वे आहे आणि ती आजही धुळ्यातच संपते. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा, असे तीन राष्ट्रीय महामार्ग जिथे भेटतात त्या शहरात रेल्वेला पुढे रस्ता नाही. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांनी ‘आमना धुयाले गाडी कव्हय येई?’ असं, म्हणजे पुढे जाणारी गाडी कधी येईल असं, विचारलं की मी तारीख सांगत नाही.

यातलं काय कुठे अडतं? रूळ, सिमेंट, इंजिन यांच्यावर क्वचितच अडतं. मुंबई-अहमदाबादचंच बघा. सप्टेंबर २०१७ मध्ये भूमिपूजन झालं. जपानचं कर्ज ८१ टक्के खर्चासाठी, व्याज ०.१ टक्का, फेडायला ५० वर्षं. तंत्र शिंकानसेनचं, जे १९६४ पासून चालू आहे. म्हणजे पैसा आणि यंत्र दोन्ही हातात होतं. तरी महाराष्ट्रातला भाग वर्षानुवर्षं मागे राहिला, कारण पालघरमधली जमीन, ग्रामसभांचे ठराव, कांदळवनांची परवानगी, विक्रोळीच्या एका भूखंडाचा उच्च न्यायालयातला दावा. तहसील, प्रांत, वन आणि न्यायालय या पायऱ्या टोकियोतून कोणी चढून देत नाही. त्या आपल्या राज्यालाच चढाव्या लागतात.

जमिनीबद्दल बोलताना खानदेशात एक गोष्ट टाळता येत नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. वीजप्रकल्पासाठी गेलेल्या बागायती जमिनीचा मोबदला त्यांना योग्य मिळाला नव्हता, हीच त्यांची तक्रार होती. आज मनमाड-इंदूरची मोजणी करायला माणूस बांधावर येतो तेव्हा समोरच्या शेतकऱ्याच्या मनात विखरण असतं. तो विरोधक नसतो. त्याच्या विहिरीची नोंद सातबाऱ्यावर नाही, डाळिंबाची झाडं मोजणीत कमी धरली, पाइपलाइन दोन्हीकडून तुटणार पण पैसे मधल्या पट्ट्याचेच मिळणार, एवढंच त्याला विचारायचं असतं. त्याचं उत्तर द्यायला मोजणीवाल्याकडे अधिकार नसतो.

समृद्धीच्या वेळी सरकारने थेट खरेदीने रेडीरेकनरच्या पाचपट भाव दिला. आधी गावंच्या गावं विरोधात होती, पैसे खात्यावर येऊ लागल्यावर खरेदीखतांची रांग लागली. मग जळगाव-जालन्याला, मनमाड-इंदूरला तीच पद्धत का नाही? जमीन रेल्वेसाठी, पण भूसंपादन तर आपलेच अधिकारी करतात. गटनिहाय मोबदल्याचा तक्ता, झाडं-विहिरींसकट, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि हरकती तिथेच, गावात बसून ऐका. पैसा आधी, तारेचं कुंपण नंतर. एवढं झालं तरी दोन वर्षं वाचतील, असं माझं मत आहे.

आता चार्जिंगकडे येतो. इथे मला जास्त बोलायचं आहे.

आपल्या सरकारचं २०२५ चं ईव्ही धोरण महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करू म्हणतं. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवलेत. देशभरात चारचाकींसाठी २२,१०० जलद चार्जरचं लक्ष्य आहे. परवान्याचीही भानगड नाही. गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असं केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलं, त्यामुळे कोणीही पॉइंट टाकू शकतो. कागदावर कुठेच अडचण दिसत नाही. ती डीपीवर, म्हणजे गावच्या रोहित्रावर, दिसते.

महामार्गाकडेच्या वस्तीतली डीपी बहुतेक ६३ नाहीतर १०० केव्हीएची असते. कारसाठीचा मध्यम जलद चार्जर ६० किलोवॉट घेतो. म्हणजे एक गाडी लावली की ६३ ची डीपी संपली. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला कळेल अशा हिशोबात सांगतो. पाच एचपीची मोटर पावणेचार किलोवॉटची, तेव्हा एक चार्जर म्हणजे सोळा मोटारी एकदम चालू. आमच्याकडे डीपी जळाली की गाव आठवडाभर अंधारात बसतं, ट्रॅक्टरवर घालून डीपी न्यायची-आणायची वर्गणीही गावच काढतं. त्या गावात हॉटेलवाल्याने चार्जर लावला आणि दुसऱ्या दिवशी दाब पडला, तर लोक चार्जरलाच दगड मारतील. त्यांचं चूक म्हणता येणार नाही.

म्हणून हॉटेलवाल्याला वेगळी डीपी हवी, दोन-तीन चार्जर लावायचे तर ११ केव्हीची वेगळी लाइन आणि एचटी (उच्चदाबाचं) मीटर. हा खर्च चार्जरच्या किमतीच्या पंक्तीला जाऊन बसतो. वर दर महिन्याला मंजूर भारावरचा स्थिर आकार, दिवसात दोन गाड्या आल्या तरी तेवढाच आणि वीस आल्या तरी तेवढाच. पारोळ्याजवळच्या धाब्यावर दिवसाला वीस इलेक्ट्रिक गाड्या यायला अजून वेळ आहे. तोवर हा तोटा कोण सोसणार? तो सोसत नाही, म्हणून चार्जर बंद पडतो. केंद्राच्या २०२४ च्या नियमांत ग्रामीण भागात नवी वीजजोडणी १५ दिवसांत द्यायची आहे खरी; पण जिथे लाइन किंवा रोहित्र वाढवावं लागतं तिथे मुदत लांबते. महामार्गावरचे बहुतेक जलद चार्जर नेमके या अपवादात बसतात.

रेल्वेने विद्युतीकरण केलं तेव्हा क्रम उलटा होता. आधी ट्रॅक्शन सबस्टेशन कुठे, ते ठरायचं. साधारण पन्नास-साठ किलोमीटरला एक. त्याला १३२ किंवा २२० केव्हीची लाइन कुठून आणायची, राज्याच्या वीज मंडळाने ती कधी द्यायची, हे कागदावर यायचं. मग खांब, मग तार, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. आधी इंजिनं विकत घ्या, तार कोणीतरी खाजगी माणूस टाकेल, असं कोणी म्हटलं नाही. चार्जिंगमध्ये मात्र गाडी आधी आली, पॉइंट नंतर, आणि तारेची गोष्ट अर्जदारावर सोपवली.

माझं एवढंच मागणं आहे की हा क्रम सुलट करा. पळासनेर, शिरपूर, सोनगीर, धुळे, साक्री, विसरवाडी, नवापूर, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर, चाळीसगाव. या ठिकाणी महावितरणने आधी क्षमता उभी करावी: एक वेगळा ११ केव्ही फीडर (लाइन), एक-दोन मेगावॉट उचलेल असं रोहित्र, आणि त्याभोवती सरकारी किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत गाड्या लावायचे पाच-सहा गाळे. मग निविदा काढा. कोणती कंपनी चार्जर लावते याला फार महत्त्व नाही, ती उद्या निघून गेली तरी तार तिथेच राहील. शेतीचा फीडर मात्र त्यातून पूर्ण वेगळा ठेवा. पहिल्या वर्षी स्थिर आकार वापराच्या प्रमाणात लावा, जागेवर गाड्या वाढल्या की वाढवा.

वीज आमच्याकडे नाही असं नाही. दीपनगरचं औष्णिक केंद्र आमच्या उशाशी आहे. त्याची राख भुसावळने आणि शेजारच्या गावांनी खाल्ली. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ पासून आहे, आणि सुरत-नागपूर महामार्ग त्याच तालुक्यातून जातो. मोठ्या मनोऱ्यांवरची वीज डोक्यावरून पुढे जाते आणि खाली ६३ ची डीपी. दुपारी ऊन भरपूर असताना सौरवीज स्वस्त असते. महामार्गावरचा ट्रकवाला जेवायला थांबतो तोही दुपारीच. सौरतासांतला दर चार्जिंगला ठळकपणे कमी केला, आणि तो पॉइंटवरच्या पाटीवर लिहिला, तर गाड्या आपोआप त्या वेळी वळतील.

उन्हाबद्दल मात्र मुंबईत बसून कोणाला कल्पना यायची नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात तासभर पळून आलेल्या गाडीची बॅटरी आधीच तापलेली असते. तिला थंड करायला गाडीतली वीज जाते, आणि चार्जरही स्वतःला वाचवायला वीज कमी सोडतो. पाटीवर ६० लिहिलेलं, गाडीला मिळतात तीस. त्यात चार्जरची गन (गाडीला लावायचा प्लग) उन्हात पडून एवढी तापते की हात लावायला रुमाल लागतो. पुण्याच्या मॉलच्या तळघरात चाललेलं यंत्र इथे तसंच चालत नाही. निविदेत पक्कं छत आणि तापमानाची अट घाला: ४८ अंशाला पूर्ण क्षमतेने चालेल असं यंत्र. आणि छत घालताच आहात तर खाली बसायला बाक, पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि रात्री दिवा असू द्या. चाळीस मिनिटं माणूस तिथे थांबणार आहे, कुटुंब घेऊन.

धुळ्याहून येताना एका कंपनीच्या पॉइंटवर थांबलेलं कुटुंब बघितलं होतं. ॲपमध्ये चार्जर हिरवा, प्रत्यक्षात पडदा काळा. जवळ विचारायला माणूस नाही. फोन लावला तर तक्रार नोंदवली असा निरोप. शेवटी शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून साध्या प्लगवर थोडं चार्ज करून ते पुढे गेले. म्हणून अनुदान यंत्र बसवल्याबद्दल देऊ नका, चालू तासांवर द्या. रेल्वेत एखादा सेक्शन किती वेळ बिनविजेचा राहिला याचा मिनिटांचा हिशोब वरपर्यंत जायचा, आणि उत्तर द्यावं लागायचं. प्रत्येक चार्जरचे मागच्या महिन्यातले चालू तास जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर लावा. पैसेही साध्या यूपीआयने घ्या. दहा कंपन्यांची दहा ॲप आणि प्रत्येकात आधी पाकीट भरा, हा जाच बंद व्हावा.

एसटीचं थोडक्यात. ५,१५० ई-बसचा करार झाला, बस हळूहळू येताहेत. एखाद्या आगारात रात्री वीस बस प्रत्येकी १२० किलोवॉटने लावल्या तर २,४०० किलोवॉट लागतील. पाच एचपीच्या सहाशेवर मोटारी. इतका भार आगाराला कुठून मिळणार हे बस यायच्या आधी ठरायला हवं, नाहीतर नव्या बस आगारात उभ्या राहतील आणि प्रवासी जुन्या लालपरीत. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा-धडगावकडच्या घाटांत, तर कोणती बस चढते याची चाचणी आधी घ्या.

ट्रकचं मला जास्त वाटतं. धुळं हे ट्रकवाल्यांचं गाव. केंद्राने ई-ट्रकसाठी ५०० कोटी ठेवलेत, अवजड गाड्यांसाठी दर १०० किलोमीटरला चार्जिंगचा निकष आहे. मुंबई-इंदूर आणि सुरत-नागपूर या दोन्ही रस्त्यांवर धुळे या निकषात बसणारं ठिकाण आहे. तिथे ट्रक टर्मिनललगत मोठा चार्जिंग तळ उभा राहिला तर खानदेशात खरोखर नवा धंदा येईल. बुलेटचं स्टेशन आणूनही एवढा येणार नाही.

एक खटकलेली गोष्ट लिहून टाकतो. धोरणात ई-वाहनांना पूर्ण टोलमाफी आहे ती अटल सेतूवर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर. यातला एकही रस्ता खानदेशातून जात नाही. आमचे टोलनाके केंद्राच्या रस्त्यांवर आहेत हे मला कळतं. पण आपलं दिल्लीत वजन आहे, एवढं बोलून बघाच.

आणि सगळं एकदम करायला सांगत नाही. धुळे ते मुक्ताईनगर हा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा एकच पट्टा घ्या. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर, अशी सहा ठिकाणं. महावितरण, महामार्ग प्राधिकरण, दोन्ही जिल्हाधिकारी आणि तिथल्या ग्रामपंचायती यांची एक बैठक जळगावला लावा. बैठकीत फीडरचा नकाशा, खर्च आणि तारीख मंजूर करा. रोहित्रं पुढच्या मार्चच्या आत बसली तर एप्रिल-मेच्या उन्हात यंत्रांची खरी परीक्षा होईल. त्या बैठकीला जळगाव-जालना मार्गाचे भूसंपादन अधिकारीही बोलवा. त्यांच्याकडून गटनिहाय तक्त्याची तारीख घ्या. बैठकीचं इतिवृत्त छापून आलं तर आम्ही वाचू. नकाशावर तारेची जागा दाखवायला आमच्यासारखे निवृत्त लोक बोलावले तर येऊ, मानधन नको.

आपला नम्र,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
भुसावळ, जि. जळगाव